नाक परत आलं

आई, तुम्हा दोघांच्या पाया पडतो आणि आधी आनंदाची बातमी सांगतो.

गेल्या महिन्यातल्या तापात माझं नाक बधिर झालं होतं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नाही. पण वाइनच्या दुकानात ज्याला वासच येत नाही, त्याला कोण ठेवणार?

आज मालकिणीने तीन पेले पुढे ठेवले. तिन्ही वाइन लाल, चवीला हलक्या, पण वेगवेगळ्या मुलखांतल्या. म्हणाली, "कुठली कोणती, सांग."

पहिली करवंदासारखी आंबट, म्हणजे थंड खोऱ्यातली. दुसरी जांभळासारखी गोडसर, उन्हाकडची. एवढं जिभेलाही कळतं. तिसरी मात्र नाकाशी नेली आणि मिऱ्यांचा वास आला! माझे डोळेच भरून आले.

"काय झालं रे?"

"तिखट आहे," म्हणालो. "डोंगरावरची."

ती हसली. "तिन्ही बरोबर. उद्यापासून गिऱ्हाइकांपुढे तूच उभा राहा."

आम्ही चाखून थुंकतो हं, पीत नाही. बाबांना पटणार नाही, त्यांना सरबत म्हणून सांग. त्यांचा खोकला थांबला का?

संध्याकाळी खोलीवर आलो, तर दारातच खोलीतल्या सोबत्याच्या मोज्यांचा वास आला. एरवी भांडलो असतो. आज त्याला चहा करून दिला.

तुझा लाडका,
धाकटा