मामाचा पांढरा धूर

प्रिय मामा,

तुला कुठल्या तुरुंगात ठेवलंय ते कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र माझ्याच खणात राहणार.

जादूच्या खेळांसाठी तू प्रयोगशाळेत पांढरा धूर बनवलास. पोरं त्यात हसत शिरायची. आपल्याच लष्कराने त्यात विष मिसळून तो नदीपलीकडे सोडला. तिथल्या पोरांनीही तुझे खेळ पाहिलेले. ती धुराकडेच धावली.

पेटीतून मला गायब कसं करतोस, हे तू सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतंस. आणि धूर सोडला त्या दिवशी नदीकाठी कर्ण्यावरून पलीकडच्यांना ओरडून सांगितलंस, "सोड्याच्या पाण्यात रुमाल भिजवून नाकाला धरा!"

त्यासाठीच तुला धरून नेलं. आता पलीकडे खिडकीखिडकीत ओले रुमाल दिसतात.

"मेल्याने मला एक गुपित सांगितलं नाही, आणि साऱ्या जगाला सांगितलं!" असं आई करवादते, आणि रोज आपल्याही खिडकीत एक ओला रुमाल टांगते.

तुझी,
पेटीतली भाची