परतीचं कार्ड

३ नोव्हेंबर १९७१
जामखेडच्या अलीकडे उतरले. वनसंशोधन केंद्राने दिलेली खोली छान आहे. मागच्या दारापासूनच धावड्या-खैराचं रान सुरू होतं. शेजारच्या गोजरबाईंनी आल्या आल्या हुलग्याची शेंगोळी दिली. माझ्या कामाचं त्यांना नवल वाटलं. वाडीतलं कोण रानात जातं, किती सरपण आणतं, शेळ्या काय खातात, हे भोकं पाडलेल्या कार्डांवर घालायचं, एका कार्डावर एक नियम. मुंबईचा कॉम्प्युटर त्यावरून दहा वर्षांनंतरचं रान दाखवणार. हसून म्हणाल्या, यंत्राला सांगा, गोजर मोळी आणून वर भाकरी बी थापती!

२४ नोव्हेंबर
मुंबईहून निकाल आला. रान दाट, हिरवंगार. केंद्राच्या साहेबांनी पेढे वाटले, सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. नंतर खण आवरताना एक कार्ड हाताला लागलं, पाठवायचं राहिलेलं. रानात गेलेलं माणूस संध्याकाळी घरी येतं, एवढाच नियम त्यावर होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या रानातून कुणी परतलंच नाही. दुसऱ्या दिवशी तोडायला कुणी उरलं नाही, म्हणून रान वाढलं. उद्या साहेबांना सांगेन.

२८ नोव्हेंबर
सांगितलं नाही. अहवाल वर गेला.
काल वाडीतला रंभाजी शेळ्या घेऊन रानात गेला होता. शेळ्या आल्या, तो नाही. लोक म्हणतात, साखर कारखान्यावर पळाला असेल.
शेळ्यांच्या परतीचं कार्ड मी पाठवलं होतं.

१ डिसेंबर
भागिरथी सरपणाला गेली, ती आली नाही. तिला शोधायला गेलेला सहादेवही. शेळ्या रोज येतात, एकट्या. गोजरबाईंना म्हटलं, रानात जाऊ नका. का, म्हणाल्या. खरं सांगायची लाज वाटली. वाघ आहे, असं म्हटलं मी. लई हसल्या. हितं कुठला वाघ, बाई? चूल काय तुमच्या कागदानं पेटंल?

२ डिसेंबर
गोजरबाईंच्या घरातून धूर नाही. साहेबांना सगळं सांगितलं. अहवाल वर गेलाय, आता चूक म्हणायची नाही, म्हणाले. मी मान डोलावली. मान डोलावली मी —
कार्ड घेऊन निघतेय.

रानात
गोजरबाई सापडल्या. डोक्यावर मोळी, चालताहेत. पुढे भागिरथी, सहादेव, रंभाजी. सगळे घराकडेच — माझं मागचं दार इथून दिसतं. चालतोय, तरी तेवढंच लांब.
कार्ड पुढे धरलं. कुणाला दाखवू —
शेळ्या आमच्या शेजारून पुढे घरी पोचल्या.
गोजरबाईंनी हात धरलाय. माझ्यापायी कशाला आलात, बाई, म्हणतात. डोळे पुसतात माझे. त्यांना वाटतं मी — आता तरी सांगायला हवं, की हे सारं मी