जुळ्या बहिणींमधली चौदा वर्षं

प्रिय ताई,

जुळ्यांचा अभ्यास करणाऱ्या त्या केंद्रातून कागद आले. रक्ताच्या तपासणीप्रमाणे मी त्रेसष्ट वर्षांची आहे आणि तू एकोणपन्नास. दाखल्यावर आपण दोघी चौपन्नच्या, त्यातही तू माझ्यापेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. त्या अकरा मिनिटांच्या जोरावर तू जन्मभर माझ्याकडून ताई म्हणवून घेतलंस. यापुढे तू मला ताई म्हण, एवढी एकच ओळ लिहून पाठवावी असं आधी वाटलं होतं. पण तेवढ्याने माझं भागणार नाही. चार दिवस तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाही. फोनवर मला खोटं पटकन सुचतं. लिहिताना हात तेवढा चलाख नाही. माझ्या मुलीबद्दल तू दोन महिन्यांपूर्वी जे विचारलं होतंस, त्याबद्दलही लिहायचं आहे. ते सगळ्यात अवघड, म्हणून शेवटी.

रक्त द्यायला गेलो त्या दिवशी नाव नोंदवणाऱ्या मुलीने तुला सांगितलं, "आईंना इकडे बसवा, उभं राहायला त्रास होईल." तू घाईघाईने म्हणालीस की ही माझी जुळी बहीण आहे. ती एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, आई नको, सासू समज, म्हणजे जरा धाक राहील. सगळे हसले. तूही हसलीस आणि हसताना तुझे सगळे दात दिसले. माझे मागचे तीन नाहीत. तू दातांची डॉक्टर, दर भेटीत म्हणतेस, ये, बसवून देते. मी येत नाही. तुझ्या खुर्चीत तोंड उघडून पडायचं आणि वरून माझाच चेहरा वाकून माझ्याकडे बघणार, हे मला जमायचं नाही. त्या दिवशी शेजारी बसून मी तुझी मान बघत होते. इतर बायकांना एखादीचा हेवा वाटला तर मनाची समजूत घालता येते. तिचा रंगच तसा, तिची चणच बारीक. मला तीही सोय नाही. तू म्हणजे मीच आहेस, नीट ठेवलेली.

त्यानंतर रक्त काढणाऱ्या बाई आमच्या लाँड्रीत येऊन गेल्या. मी कुठे काम करते ते त्यांना बघायचं होतं. मी त्यांना टोचणीबाई म्हणते, त्याही आता फोनवर 'मी टोचणीबाई बोलतेय' असंच सांगतात. चार हॉस्पिटलांच्या चादरी आमच्याकडे येतात. तापलेल्या रुळांमधून ओली चादर आत जाते, कोरडी बाहेर येते, आणि दोन्ही टोकांना बायका उभ्या असतात. बाई पाच मिनिटांत घामाने भिजल्या. मी म्हटलं, रक्तावरून वय कसं काढता ते मला कळेल असं सांगा. त्या म्हणाल्या, तुम्हा दोघींना मिळालेली जनुकं अगदी सारखी. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात आणि कुठल्या जनुकाने बोलायचं, कुठल्याने गप्प राहायचं ते त्या खुणा ठरवतात. वयाबरोबर त्या बदलत जातात. लहानपणी उपासमार, धूर, धास्ती, मोडलेली झोप वाट्याला आली, पुढे उभ्याने करायचं काम आणि रात्रपाळ्या आल्या, तर हे बदल बहुधा वयाच्या पुढे धावतात. मी ढिगातून दोन चादरी काढल्या. एकाच ताग्यातल्या, एकाच दिवशी शिक्का मारलेल्या. एक खास खोल्यांमधली, एक जळितांच्या वॉर्डातली. हे असंच ना, विचारलं. त्या म्हणाल्या, साधारण असंच. मग घाईने सांगितलं की आकडा अंदाजाचा असतो, थोडा इकडेतिकडे होतो, ती मरणाची तारीख नव्हे. आणि एका माणसाच्या बाबतीत नेमकं कशाने झालं ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. मी विचारलं, हेवा यात धरता का? त्या हसल्या. मग खरंच फॉर्म काढून वरून खालपर्यंत बघितला आणि म्हणाल्या, तसा प्रश्न नाही. मी म्हटलं, मग तुमचा फॉर्म अपुरा आहे.

जाताना त्यांचं लक्ष माझ्या मुलीकडे गेलं. ती रुळांच्या पलीकडच्या टोकाला चादरी ओढून घड्या घालत होती. तिला तेव्हा पाचवा लागला होता. रोज किती तास उभी असते, असं त्यांनी मला विचारलं. मी आठ सांगितले, असतात दहा. त्या एवढंच म्हणाल्या की हे सगळं जन्माच्या आधीपासून सुरू होतं. त्याच आठवड्यात तुझा फोन आला. भावोजी गेल्यापासून घर रिकामं आहे, खालची खोली मोकळी, डॉक्टर समोरच राहतात, तिला बाळंतपणाला माझ्याकडे पाठव, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत राहू दे. जावई बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यात, त्याचीही हरकत नसेल. तू रीतीप्रमाणे तिला न विचारता आधी मला विचारलंस. मी दोन दिवसांनी कळवलं की ती नको म्हणते.

तुझं घर म्हटलं की मला ती दुपार आठवते. मला ती पाठ आहे. बाबा दगडाला पॉलिश करून यायचे आणि त्यांच्या खोकल्याने भिंत हलायची. एक खोली, एक खिडकी, खिडकीशी चूल. मावशी आणि काका गाडी घेऊन आले. मावशीला मूल नव्हतं, आईला दोन एकदम झाली होती. मोठ्यांचं आधीच ठरलं होतं, फक्त कोणती ते ठरलं नव्हतं. आईला निवडता येईना. म्हणून तिने आपल्याला चटईवर झोपवलं आणि बहिणीला सांगितलं की जी झोपली असेल ती ने, रस्त्यात रडायची नाही. मला झोप येत नव्हती. मी डोळे उघडे ठेवून मावशीच्या पायांतल्या निळ्या चपला बघत होते. तुला उचललं. तुझी मान काकांच्या खांद्यावर पडली. आईने दार लावलं आणि मला पेज दिली, त्या दिवशी पहिल्यांदा वाटी भरून. तुझ्या वाटणीची होती, ते मला मोठेपणी कळलं. पुढच्याच वर्षी भाऊ झाला. तुझी जागा वर्षभरसुद्धा रिकामी राहिली नाही.

पुढे दरवर्षी मावशी तुझे लहान झालेले फ्रॉक पाठवायची. तुला आखूड झालेला फ्रॉक मला ढगळ व्हायचा. आई तो घड्या घालून ठेवायची आणि एक वर्षाने मला यायचा. आपण जुळ्या, आणि मी तुझ्यामागून एक वर्षाने वाढत होते. शेजारच्या बायका कौतुक करायच्या की बघा, बहिणीने काय सुंदर कपडे पाठवलेत. मी एकाचा खिसा दातांनी फाडला होता. आईने मारलं नाही. तिने खिसा शिवला आणि तोच फ्रॉक मला घातला. मग तू सात वर्षांची असताना भेटायला आलीस आणि दारातून आत येत आईला म्हणालीस, "मावशी, पाणी देता?" आई पाणी आणायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. तुझी चूक नव्हती, तुला तसंच शिकवलं होतं. पण त्या दिवशी मी ठरवलं की माझ्यापाशी जे आहे त्यातलं तुला काहीही द्यायचं नाही. माझ्यापाशी होतं काय, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही.

आता रक्त द्यायच्या दिवशी आपण भरलेल्या फॉर्मचं. माझा फॉर्म तू वाचला आहेस हे मला माहीत आहे, कारण तुझा माझ्याकडे आला. आपण दोघींनी जन्मदाखल्यावरचं आडनाव लिहिलेलं, जन्मतारीख एक, पाकिटं भरणाऱ्याने अदलाबदल केली. उत्तरांची प्रत तपासून सही करून पाठवायची होती, म्हणून सोबत जोडलेली. म्हणजे तू वाचलं असशील की लहानपणी मी कधी उपाशी झोपले नाही, घरात धूर नव्हता, कुणाची भीती वाटली नाही, झोप शांत लागायची. तू म्हणूनच फोन करते आहेस. सगळं खोटं आहे, तुलाही ते ठाऊक आहे. शेजारच्या टेबलावर तू बसली होतीस आणि तुझं पेन भराभर चाललं होतं. मला वाटलं, ही सगळी सुखं लिहितेय. मग मीही लिहिली. कीव नको होती, तुझी तर मुळीच नको होती. टोचणीबाई गोंधळून गेल्या असतील. इतकं चांगलं बालपण आणि रक्त त्रेसष्ट वर्षांचं. मी कागदावर खोटं बोलले आणि रक्ताने मला उघडं पाडलं.

तुझ्या कागदांत जुळ्या म्हणून दोघींचे आकडे शेजारी छापले होते, मी आधी तुझा बघितला. मग तुझी सुखं वाचली: दूध, पुस्तकं, स्वतःची खोली, पोहायला जाणं. मग तो प्रश्न आला, लहानपणी घरापासून वेगळं व्हावं लागलं का, काय आठवतं. तिथे तू लिहिलं आहेस: "मी जागी होते. झोपलेलीला नेणार हे मी ऐकलं होतं. मी डोळे मिटून घेतले. गाडी सुरू झाल्यावरही उघडले नाहीत." त्याखाली दोन ओळी खोडल्या आहेत. मी कागद उजेडासमोर धरून बघितला, वाचता येत नाहीत.

चार दिवस मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की ते नशीब होतं. एकीला डोळा लागला, एकीला नाही. त्या नशिबाशी मी कसंबसं जमवून घेतलं होतं. आता कळलं की तू ते हाताने उचललंस. काल चादरींचे गठ्ठे मोजताना तीनदा चुकले. सोबतच्या बाईने विचारलं, घरी कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, गेलं, पन्नास वर्षांपूर्वी.

पण काल संध्याकाळी घरी मुलगी पाय बादलीत सोडून बसली होती. सातव्या महिन्यातली बाई. घोटे दिसत नव्हते, इतके सुजलेले. तिचं रक्त कमी आहे, दवाखान्यात दोनदा सांगून झालं. खोली लाँड्रीच्या मागच्या भिंतीला लागून, भिंतीतून ओल येते. मी तिच्याकडे बघत तुझ्यावर चिडत होते आणि मध्येच हिशेब लागला. तिने तुला कधीच नको म्हटलं नाही, ताई. मी तिला विचारलंच नव्हतं. तुझा फोन आलेला मी तिला सांगितलाच नाही. माझं मूल तुझ्या घरी जाईल, तिथे तिचं मूल वाढेल आणि एक दिवस दारात उभं राहून मला परक्यासारखं पाणी मागेल, एवढंच मला दिसत होतं. तू दुसऱ्याची जागा घेतलीस तेव्हा चार वर्षांची होतीस. मी माझ्या मुलीची घेतली तेव्हा चौपन्न वर्षांची होते.

आज जेवणाच्या सुट्टीत तिला सगळं सांगितलं. तिने डब्याला झाकण लावलं. फोन कधी आला होता, विचारलं. मी म्हटलं, दोन महिने झाले. तिने डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "दोन महिने मी त्या वाफेत उभी आहे, आई." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. उठून परत कामावर गेली आणि जाताना तिकडे तोंड करूनच म्हणाली की मावशीला कळव, मी जाणार.

म्हणून हे पत्र. ती येते आहे आणि मीही येते आहे. मी चार महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आहे. मुकादम म्हणाला, एवढी रजा कशाला, मी म्हटलं, वय झालं, केंद्राचा कागद आहे. खालच्या खोलीत दोन खाटा टाक, मला वरची पाहुण्यांची खोली नको. बाळाला आंघोळ मी घालणार. डॉक्टर, औषध, पोहणं, पुस्तकं तुझ्याकडे, त्यात मी बोलणार नाही, निदान प्रयत्न करीन. तुझा हेवा मी सोबत घेऊनच येते आहे, तो इथे ठेवण्याजोगी जागा नाही. त्या दुपारबद्दल तू मला काही समजावू नकोस, मीही विचारणार नाही. कधीतरी वाटलं तर त्या खोडलेल्या दोन ओळी काय होत्या तेवढं सांग. रविवारी सकाळच्या गाडीने निघू, दुपारी पोचू. तू गाडी पाठवू नकोस. घ्यायला कुणी यायचं नाही. आम्ही दोघी आमच्या पायांनी येऊ.

अजून न निवळलेली, तरी तुझीच,
धाकटी