पेचकसातला समुद्र

२ फेब्रुवारी
चिमूटभर पांढरी भुकटी. तिला लागल्या तेवीस पायऱ्या, चौदा महिने, फुटलेल्या काचांची एक बादली आणि वैजयंती मॅडमची झोप. समुद्रातल्या स्पंजातून काढायची तर टनभर स्पंज उपसावा लागतो. मॅडम तोच पदार्थ इथे, वाशिमकडच्या मालेगावबाहेर जुन्या दालमिलच्या शेडमध्ये घडवतात. कुठल्याच औषधाला न जुमानणारे जंतू त्याने मरतात म्हणे. आजपासून इथली यंत्रं माझ्याकडे. मी जळालेल्या विजेच्या मोटारी बांधत वर आलेला माणूस; पेचकसाचं टोक यंत्राला, मूठ कानाला, की आतलं दुखणं कळलंच. मॅडमना सांगून टाकलं, असे कान जिल्ह्यात दुसरे नाहीत. जनरेटरवाला गफ्फार म्हणाला, मंग भाऊ, पगार कानाचा घेता का हाताचा? झकास जागा आहे.

९ फेब्रुवारी
पिंजरा धुताना उंदीर चावला, हातमोज्यातून. हे उंदीर जंतू टोचलेले. मॅडमचा चेहरा उतरला. मी म्हटलं, उंदरालाच औषध द्या, या पुंजाजीचं रक्त प्यायलाय.

१३ फेब्रुवारी
हात कोपरापर्यंत काळानिळा. अकोल्याच्या डॉक्टरांनी तीन औषधं बदलली, आता कापू म्हणतात. हात गेला तर मी कोण? मॅडमकडे भुकटी मागितली. उंदरांवरचंच काम अर्धं आहे, देणार नाही, म्हणाल्या. पण भुकटीचं कपाट कोणतं, हे मला बाहेरून करकरीवरूनच कळलेलं. दुपारी त्या जेवायला गेल्यावर चिमूटभर पाण्यातून घेतली.

१५ फेब्रुवारी
सूज उतरली! बोटं वळतात. पंपाला पेचकस लावला, तर आत लाटा. गफ्फार हसला. समुंदर अठी कायले येईन, भाऊ?

१६ फेब्रुवारी
भिंतीत लाटा. लिंबाच्या खोडात लाटा. मग पेचकस स्वतःच्या छातीला —
तिथेच आहेत.

१७ फेब्रुवारी
मॅडमना कबूल केलं. रागावल्या नाहीत. त्याचीच भीती वाटली. उंदरांची वही पुढे केली. तिसऱ्या दिवशी जखम भरली. पाचव्या दिवशी टाळी वाजवली तरी वळेनात. नवव्या दिवशी — एकही जिवंत नाही.
उतारा नाही म्हणाल्या. ओठांवरून तरी तसंच —

१८ फेब्रुवारी
लाटा थांबल्या. जनरेटरला पेचकस लावला. बंद. गफ्फारला ओरडलो — ओरडलो असेन. त्याने माझा बरा झालेला हात धरून पत्र्यावर ठेवला. पत्रा थरथरतोय, तापलाय. जनरेटर सकाळपासून चालू —