सोनालीला न सांगितलेलं

गुरुवार संध्याकाळ, पौड

लवळ्याहून येऊन तास झाला. आज करिअर समुपदेशकांना व्यावसायिक नीतीचं प्रशिक्षण होतं. प्रसंग वठवायला जोड्या लावल्या. मी समुपदेशक, समोरच्या देशपांडेबाई विद्यार्थिनी. त्यांच्या चिठ्ठीत एवढंच होतं, सल्ल्यावर नाराज मुलगी.

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "म्याडम, मला नर्स व्हायचं व्हतं. तुमी हाटेलच्या कोर्सला का घातलं?"

हे तर सोनालीचं बोलणं! वरच्या वस्तीवरच्या मेंढपाळाची मुलगी, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेली. बोलताना ओढणी अशीच गुंडाळायची.

चहाच्या सुट्टीत बाईंना विचारलं, ही बोली कुठे शिकलात. "मी? मला ती बोली येतच नाही हो," म्हणाल्या. तेव्हा लक्षात आलं, त्यांनी साडी नेसली होती. मग ओढणी मी कुठे पाहिली?

घरी येताच सोनालीला फोन लावला. ती आता हिंजवडीच्या हॉटेलात खोल्या झाडते. एका दमात सांगून टाकलं, "तुझ्या कलचाचणीत नर्सिंगच आलं होतं. पण त्या हॉटेल कोर्सच्या संस्थेला जागा भरायच्या होत्या, म्हणून मी ते लपवलं."

ती शांतपणे म्हणाली, "म्हाईत हाय मला. तुमी कवा सांगताय, त्येचीच वाट बगत व्हते."

चाचणीचा कागद घेऊन उद्या येते म्हटलं. ‘या’ म्हणाली नाही. ‘नको’ असंही म्हणाली नाही.