एडनाच्या दोन मुठी

वॉरल क्रीक,
१६ एप्रिल १९८७

ती. मर्लताई हिस,
धाकट्या लायलचा सा. न. वि. वि.

पाऊस संपला, धावपट्टी वाळली आणि टपालाचं विमान पुन्हा दर गुरुवारी उतरायला लागलं, म्हणून पहिल्याच फेरीला हे पत्र. आम्ही सगळे ठीक. ग्वेनचे गुडघे दुखतात, पण नवऱ्यावर, म्हणजे माझ्यावर, ओरडण्याइतकी ती ठणठणीत आहे. डेसकाका उरलेसुरले दात काढून आलेत. आता खारवलेलं गोमांस चहात बुडवून खातात आणि आम्हाला बघायला लावतात.

एडना चार महिने छपराखाली उभी होती. काल सुरू केली तर अर्धा तास नुसता पांढरा धूर. बाबांनी गाडीला आजीचं नाव दिलं ते उगाच नाही. तीही सकाळी धूर काढल्याशिवाय जागची हलायची नाही.

आता कामाचं. मला टर्बो हवा. बैल लोटून पाडायचा पुढचा कठडा मी जाड पाइपचा करून घेतोय, त्यामुळे पुढच्या कमानींना जादा पाटे लागतील. सप्टेंबरात गुरांच्या क्षयाच्या मोहिमेचं सरकारी हेलिकॉप्टर येणार आणि आम्हाला पकडता न आलेली सगळी रानगुरं वरूनच गोळ्या घालून आडवी करणार. त्याआधी एकशिंग्या माझ्या हातात यायला हवा. बाबांना त्याने मारलं. त्याला दुसऱ्या कुणी मारलेलं मला चालणार नाही.

त्या दिवशी इंजिनात दम असता तर बाबा आज समोर बसून मला शिव्या घालत असते. बैल कठड्याखाली दाबलेला, बाबा मागचे पाय बांधायला उतरलेले, आणि नेमकी तेव्हाच एडना मेली. अर्धा तास पुन्हा सुरूही होईना. तुला दोष देत नाही, ताई. डिझेलचा पंप तू उघडून बसवला होतास खरा, पण पंप काय, कुणाच्याही हातचा जातो.

ग्वेनचा नमस्कार. माया आहे ती राहू दे, आणि टर्बो लवकर पाठव.

तुझा,
लायल

माउंट आयझा,
२८ एप्रिल १९८७

चि. लायल यास,
मर्लचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाटे पाठवले. दोन डिझेल फिल्टर आणि टॅपेटच्या झाकणाचं गॅस्केटही पाठवलं. एअर फिल्टर पेट्रोलने धुऊ नकोस. तू धुतोस, मला माहीत आहे, तुला लहानपणापासून ओळखते. ग्वेनच्या गुडघ्यांसाठी मलम ठेवलंय, ते एडनाच्या सांध्यांना फासू नकोस.

टर्बो पाठवलेला नाही. तू लिहिलंस की दोष देत नाही. हे तू अंत्यविधीच्या दिवशीही म्हणालास आणि त्यानंतर प्रत्येक पत्रात लिहिलंस. ज्याला दोष द्यायचा नसतो तो इतक्यांदा सांगत नाही रे. मी बारा वर्षं एडनाची देखभाल केली. बाबा बैल धरायचे, मी गाडी धरायचे. त्या हिवाळ्यात तो पंप मी माझ्या हातांनी उघडला, साफ केला, बसवला. बाबा गेल्यापासून मी पाना हातात धरलेला नाही. काउंटरवर बसते, पार्ट विकते, आणि झोपायच्या आधी रोज तो पंप मनात पुन्हा उघडते. कुठे चुकलं ते अजून सापडलं नाही.

म्हणून एकच मागणी आहे. पंप काढ आणि मला पाठव. इथे तपासायचं यंत्र आहे. दोष माझा निघाला तर तसं लिहीन आणि टर्बो माझ्या पगारातून पाठवीन. पण मला कळायला हवं, लायल. दोन वर्षं झाली.

डेसकाकांना सांग, कवळी बसवून घ्या. सगळ्यांना सांभाळ, आणि रागावला असलास तरी पत्र लिहायचं टाळू नकोस.

तुझी,
मर्ल

वॉरल क्रीक,
११ जून १९८७

ती. ताईस सा. न.

पंप काढला तर गाडी महिनाभर उभी राहील, तेव्हा तो विषय सोड. टर्बो मी कॅथरिन गावच्या एका माणसाकडून घेतला आणि स्वतःच बसवला. एडना आता अशी सुटते की डेसकाका बाजूचा दांडा दोन्ही हातांनी धरून देवाचं नाव घेतात, आणि त्यांचं देवाशी बोलणं फार नाही हे तुला ठाऊक आहे.

मे महिन्यात एकवीस बैल गाठले. एकाची मान कठड्यावरच मोडली. दुसऱ्याला झाडाच्या बुंध्याशी धरलं तर त्याच्या बरगड्यांचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला. तिसऱ्याने उलटून रेडिएटरात शिंग घातलं, गरम पाणी त्याच्याच डोळ्यांवर उडालं, आणि तो आंधळा होऊन टायरला धडका देत राहिला. शेवटी मी गोळी घातली. कपडे धुताना ग्वेन बोलत नाही हल्ली. एकशिंग्या दोनदा दिसला. दोन्ही वेळा खडकाळ ओढ्यात उतरला.

पुढच्या विमानाने पाठव: मुख्य पाटा (तिसरा मोडला), उजव्या बाजूचे दोन शॉकअब्सॉर्बर, रेडिएटर, इंजिनाखालची रबरं, स्टिअरिंगचा दांडा. उजवीकडे चेसिसला चीर गेलीय, ती मी वेल्डिंग करून घेईन.

घाईत आहे. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

लायल

माउंट आयझा,
२३ जून १९८७

चि. लायल यास आशीर्वाद.

तुझी यादी काउंटरवर दोनदा वाचली. तू काय लिहितोस त्यावर माझा फार भरवसा नाही, पण मोडलेले पार्ट खोटं बोलत नाहीत. मुख्य पाटा ओझ्याने मोडला तर मधोमध मोडतो. तुझे तिन्ही पुढच्या टोकाशी मोडलेत ना? स्टिअरिंगचा दांडा वाकलाय, चेसिस उजवीकडेच फाटलीय. तू बैल पकडत नाहीयेस, लायल. तू ताशी चाळीस मैलांनी त्यांच्यात घुसतोयस, तेही ड्रायव्हरच्या बाजूने, म्हणजे तुला अगदी जवळून दिसावं म्हणून.

बाबा बैलाच्या जोडीने पळवायचे, त्याचा दम जाऊ द्यायचे, आणि मग गर्दीत आपण खांद्याने वाट काढतो तसं हळूच लोटायचे. बैल पडायचा, मरायचा नाही. तुझ्या एकवीस बैलांपैकी ट्रकमध्ये उभे राहून किती गेले ते तू लिहिलेलं नाहीस.

रेडिएटर आणि रबरं पाठवतेय. पाटा पाठवणार नाही. मोडक्या पाट्याने तुला हळू चालवावं लागेल, आणि तेच मला हवंय. माझ्यावर जेवढं ओरडायचं तेवढं ओरड, इथपर्यंत ऐकू येत नाही.

तुझ्या काळजीने अर्धी झालेली,
मर्ल

वॉरल क्रीक,
९ जुलै १९८७

ती. मर्लताई यांस,
ग्वेनचा सा. न. वि. वि.

मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. ही चिठ्ठी विमानाच्या पायलटच्या हाती परस्पर देतेय, यांना माहीत नाही.

सोमवारी यांनी एक बैल आडवा केला. तो एकशिंग्या नव्हता, साधा लाल बैल होता, जेमतेम चार वर्षांचा. पडला तेव्हाच अर्धा मेला होता. हे जॅकचा दांडा घेऊन उतरले आणि त्याच्या तोंडावर मारायला लागले. बैल मेला तरी थांबेनात. दात उडाले, डोळा बाहेर आला, तरी मारतच होते आणि मारताना काहीतरी बडबडत होते. मी जेवण घेऊन गेले होते, सगळं पाहिलं. डेसकाकांनी हात धरला आणि म्हणाले की बस कर पोरा, तो मेलाय, आता कुणाला मारतोयस? यांनी वळून तोच दांडा त्यांच्यावर हाणला. गळ्याजवळचं हाड मोडलं. बापाच्या जागी असलेला माणूस, ताई. डॉक्टरांचं विमान येऊन त्यांना घेऊन गेलं. जाताना मला म्हणाले की मी घोड्यावरून पडलो असं सांगेन.

सोबत पुडक्यात एक वस्तू आहे. यांच्या मोज्यांच्या खणात, तळाशी, फडक्यात गुंडाळलेली सापडली. तार आहे, तिला काळी मूठ आहे. मला गाडीतलं काही कळत नाही. पण बाप गेल्यावर माणूस बापाची टोपी जपून ठेवतो, घड्याळ ठेवतो. तारेचा तुकडा कोण ठेवतं? डेसकाकांना मी विचारलं होतं, बाबा गेले त्या दिवशी काय झालं म्हणून. ते म्हणाले, मी मागे ट्रकमध्ये होतो, पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

मला हे घर सोडून जायचं नाही, पण आता यांच्याकडे पाठ करून उभी राहत नाही. तुम्हीच काय ते बघा. आमच्यावर असलेला जीव असाच असू द्या.

तुमची,
ग्वेन

माउंट आयझा,
१४ जुलै १९८७

चि. लायल,

आशीर्वाद आधी देऊन टाकते, कारण पुढे द्यावासा वाटेल की नाही सांगता येत नाही. तुझ्या खणातली काळ्या मुठीची तार ग्वेनने मला पाठवली. तिला एक शब्द बोललास तर मी स्वतः तिथे येईन आणि तोच जॅकचा दांडा हातात घेईन.

एडना किल्लीने बंद होत नाही. मूठ ओढावी लागते, तेव्हा पंपाचं डिझेल तुटतं. ही तीच तार आहे. रोज दोन बोटांनी ओढायची तार दहा वर्षांत मोडत नाही. हिचं टोक उपटलंय आणि वरचं आवरण बसवलेल्या जागेतून निघालंय. कुणीतरी सगळ्या ताकदीने, जीव खाऊन ओढली. आणि आवरण निघाल्यावर पंपाची दांडी बंदच्याच जागी अडकून राहिली, म्हणून एडना अर्धा तास सुरू होईना. कळलं मला. बाबा खाली होते, गाडी चढावर होती. बैल दाबून ठेवायला हाताने रेसची मूठ ओढायची होती, आणि तू शेजारची ओढलीस.

हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू ती तार मोज्यांत लपवलीस, आणि दोन वर्षं मला लिहीत राहिलास की तुला दोष देत नाही. मी माझ्या हातांकडे बघायचं सोडून दिलं, लायल. मी तुला हाताला धरून चालायला शिकवलं आणि तू मला हे दिलंस.

आता माझं ऐक, कारण हे मलाही ती मूठ हातात घेईपर्यंत आठवलं नव्हतं. बंद करायची मूठ पूर्वी लाल होती. त्या हिवाळ्यात, पंप बसवला त्याच दिवशी, ती माझ्याकडून फुटली. मी जुन्या ट्रॅक्टरची काळी मूठ काढून तिथे लावली. रेसचीही काळीच होती. दोन्हींमध्ये चार बोटांचं अंतर. लाल रंगाचा डबा फळीवर होता. पण शनिवार होता, घोड्यांच्या शर्यतींनंतरचा नाच होता, मला नवा झगा घालायचा होता. सोमवारी रंगवू म्हटलं. ती मी कधीच रंगवली नाही.

दोष तुझा नाही असं लिहून मोकळं व्हावं असं वाटलं होतं. ते खोटं ठरलं असतं. हात तुझा होता, मूठ माझी होती. बैलाचं यात काहीच नव्हतं. तो कठड्याखालून सुटायला बघत होता, बस. तू त्यांना मारतोयस कारण तुला स्वतःपर्यंत पोचता येत नाही, आणि परवा तुझा दांडा डेसकाकांपर्यंत पोचला. पुढे ग्वेन आहे.

सोबत लाल मूठ पाठवतेय. ती लाव. आणि त्या दिवशी काय झालं ते मला लिही. सगळं.

मर्ल

वॉरल क्रीक,
३ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
लायलचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आल्यापासून सात विमानं आली नि गेली. प्रत्येक वेळी कागद घेऊन बसलो आणि प्रत्येक वेळी पायलटला म्हणालो की आज टपाल नाही.

टर्बो काढला. डेसकाकांना भेटून आलो. मी माफी मागितली तर म्हणाले, हाड जुळलंय, तुझं काय ते तू बघ. मग मी नेलेली बिस्किटं आपल्या चहात बुडवून सगळी संपवली. ग्वेन बोलते आता, थोडंसं. तिने पाठ माझ्याकडे केली की मी हातात जे असेल ते खाली ठेवतो.

परवा हेलिकॉप्टर आलं. दिवसभर बंदुका चालल्या. संध्याकाळी ओढ्यात गेलो तर एकशिंग्या पडलेला, आणखी तीस-चाळीस जनावरांत. जबडा गोळीने गेला होता, पोटात भोकं, अंग अजून ऊन होतं. इतका म्हातारा असेल असं वाटलं नव्हतं. उरलेलं शिंगही कुजलं होतं. मी बराच वेळ उभा राहिलो, आणि मला राग शोधूनही सापडला नाही.

आता ते लिहितो. मूठ ओढली आणि इंजिन बंद पडलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, जोर कमी पडला, म्हणून तीच मूठ आणखी ओढली, तुटेपर्यंत. गाडी मागे सरकली. ब्रेकवर पाय जाईपर्यंत बैल उठला होता. मी सगळ्यांना सांगितलं की बाबा काही न बोलता गेले. तुलाही तेच सांगितलं. ते बोलले होते, ताई. बैल त्यांच्या मागे उभा राहत होता आणि ते त्याच्याकडे बघतच नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. ओरडले नाहीत. मला पहिल्यांदा घोड्यावर बसवताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, ती नव्हे बाळा, शेजारची.

मग शिंग आत गेलं. मी अजून तीच मूठ ओढत होतो.

लाल मूठ बसवली. पावसाआधी ये. एडनाच्या चेसिसचं वेल्डिंग मी केलंय, ते तुझ्या डोळ्यांखालून जायला हवं, आणि शिव्या घालायला आता दुसरं कुणी नाही. तुझा पंप चांगला होता, ताई. पहिल्या दिवसापासून चांगला होता.

या सगळ्यानंतर माझ्यावर जेवढी माया उरली असेल तेवढी पुरेल.

तुझा,
लायल