गाद्यांच्या संघाचं पुढे काय झालं

सिस्टर, इथल्या बायका मला 'की' म्हणतात. माझं नाव त्यांच्या जिभेवर इतकं लांबतं, की हाक पुरी होईपर्यंत चेंडू बाहेर जातो. जपानमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या बायकांना मैदानापुरतं एक आखूड नाव ठेवतात, कोर्टनेम म्हणतात त्याला. ते आपण निवडायचं नसतं, जुन्या खेळाडूंनी द्यायचं असतं. निशी-कसाई या आमच्या वस्तीतल्या जिममध्ये आम्ही शनिवारी जमतो, सगळ्या गुडघ्यांना पट्टे बांधून. एकदा आमच्या सत्तरीला टेकलेल्या कॅप्टनबाईंनी विचारलं, "तुम्ही सारखं 'की, की' काय ओरडता?" माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी ओरडत होते, 'पळ की! दे की! टाक की!' मी पुण्याची सून, घरात असं कुणी बोलत नाही. पण चेंडू हातात आला की माझ्या तोंडून सोलापूर बाहेर पडतं, आणि ते सोलापूर तुमचं आहे. हॉलंडहून येऊन तुम्ही मराठी शिकलात ती कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातल्या मावशींकडून, आणि आम्हा कडक इस्त्रीच्या मुलींना उन्हात उभं करून ओरडायचात, "उभी काय ऱ्हायलीस गं, पळ की!" जपानीत 'की' म्हणजे झाड. "मग बरोबरच आहे," कॅप्टनबाई म्हणाल्या, "तुम्ही एका जागी उभ्याच असता." सगळ्या हसल्या आणि नाव पक्कं झालं.

घरी येऊन मुलीला ही गंमत सांगितली. ती इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती बहुतेक वेळा जपानीत उत्तर देते. पण या वेळी तिने मराठीत विचारलं, "नन बास्केटबॉल कशी शिकवते?" मग मला सगळंच सांगावं लागलं.

मला ते स्वयंपाकघर दिसतं. दुपारची सुट्टी आहे. तुमच्या भावाचं पार्सल आलंय. कोकोचे डबे, लोकरीचे मोजे (सोलापुरात!), आणि डबे फुटू नयेत म्हणून कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. तुम्ही आधी ते बोळेच सोडवता, टेबलावर तळहाताने सपाट करता आणि खेळाचं पान शोधता. तुमच्या गावात बास्केटबॉलचा मोठा संघ होता, पगार घेऊन खेळणाऱ्यांचा, आणि तुमचा भाऊ त्याच्या दारावर तिकिटं फाडायचा. तिकडे जी कंपनी पैसे देते तिचंच नाव संघाला लागतं, कंपनी बदलली की संघाचं नाव बदलतं, हे आम्हाला फार मजेचं वाटे. "यंदा आम्ही बिस्किटं आहोत," तुम्ही गंभीरपणे सांगायचात. त्याआधी तुम्ही विमा होतात. मी नववीत असताना गाद्या झालात, आणि गाद्या हरल्या म्हणून एकदा आम्हाला मैदानाच्या फेऱ्या जास्त मारायला लावल्यात.

मग भाऊ गेला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या बायकोचं एक शेवटचं पार्सल आलं. तुम्ही पान सपाट केलं आणि दोनदा वाचलं. त्या वर्तमानपत्रात गावांची नावं देत नसत, नुसती संघांची, आणि गाद्या कुठेच नव्हत्या. आम्ही तिघीचौघी तुमच्या खांद्यावरून बघत होतो. निकालांच्या अगदी तळाला एक नाव होतं, ते वाचताना थेट 'दोडका' असं ऐकू येई. आमची हसून मुरकुंडी वळली. तुम्हीही हसलात. "दोडके हरले बिचारे, कोण हायेत की," म्हणालात, आणि पान चुलीपाशी ठेवून दिलंत. "संपला आमचा संघ." त्या उन्हाळ्यात मायदेशी जाऊन यायची तुमची पाळी होती. ती तुम्ही दुसऱ्या सिस्टरना दिलीत. मावशींनी विचारलं तेव्हा म्हणालात, "तिकडं आता माझं काय हाय?" पुढची पाळी यायच्या आत तुम्ही देवाघरी गेलात.

मुलीने शोधायला फोन हातात घेतला. "गावाचं नाव?" ते मला पाठ आहे. घशात माशाचा काटा अडकल्यासारखं त्याचं पहिलं अक्षर तुम्ही आम्हाला घोकायला लावलं होतं. स्पेलिंग जमायला वेळ लागला. मग ती एकेक कंपनी शोधून सांगू लागली. "विमा. बिस्किटं. अगं, खरंच गाद्या आहेत." पुढची कंपनी पडद्यांची होती. तिचं नाव तिने दिसलं तसं वाचलं.

"पुन्हा वाच," मी म्हणाले.

तिने वाचलं. दोडका.

मी तिला त्या पानाचं सांगितलं. "उसो!" ती ओरडली, म्हणजे काहीतरीच काय! मग हळूच, "त्यांच्या समोरच होता?"

समोरच होता, सिस्टर. तुमच्या बोटाखाली होता. तुम्ही त्याला बिचारा म्हणालात.

त्यानंतरही तो बरीच नावं फिरला. मध्ये एकदा पैसेच संपले आणि बंद पडला. तेव्हा जुने खेळाडू आणि प्रेक्षक एकत्र आले, नवी संस्था काढली आणि त्याच हॉलमध्ये पुन्हा खेळू लागले. आता तर शेजारच्या बेल्जियमच्या संघांबरोबर त्यांची एकच लीग आहे. तुम्ही नाक मुरडलं असतंत. इथे जपानमध्ये उलटं झालं, कंपन्यांच्या नावाने खेळणारे संघ आता गावांच्या नावाने खेळतात. मला राहून राहून एकच प्रश्न पडतो. नाव दुसरं, मालक दुसरे, खेळाडू निम्मे अमेरिकेचे, मग हा तोच संघ कशावरून? मुलीला विचारलं तर म्हणाली, "तुझंही नाव लग्नात बदललं ना? तू तीच आहेस की नाही?" ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव मी इतकी वर्षं वापरतेय, आणि तुम्ही ज्या नावाने हाक मारायचात ते घेणारं आता कुणी उरलं नाही. तुम्हालाही सिस्टर होण्याआधी दुसरं नाव असणार. भाऊ पार्सलावर कोणतं लिहायचा? इतकी पार्सलं बघितली, पण आम्ही नुसता कोकोचा वास घेत उभ्या राहायचो. तो दोडका कोण ते कळलं असतं, तर त्या उन्हाळ्यात गेला असतात का? भावाच्या जागी दारावर आता कोण तिकिटं फाडतं, ते तरी बघायला?

रविवारी सकाळी मुलीने मला तुमच्या संघाच्या आदल्या दिवशीच्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावून दिलं. हॉल लहानच आहे, वर लाकडी छत, लोक पायांनी ठेका धरतात. शर्टांवर कंपन्यांचीच नावं, गावाचं कुठेच नाही. मी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि तुमच्या वतीने ओरडायला लागले. 'पळ की! टाक की!' मुलगी आतून येऊन बघून गेली. आमची मंडळी सुरेख खेळत होती, मला तर तुमचा अभिमान वाटायला लागला होता. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. नारिंगी शर्ट दिसले, हॉलंड म्हणजे नारिंगी असं डोक्यात होतं, आणि मध्यंतरापर्यंत मी घसा फोडून बेल्जियमवाल्यांना ओरडून पळवत होते.